तानीबाईचा चौदा दिवसांचा विमा

तानीबाईला समुद्र बघायचा होता. वीस वर्षांत तिनं हे दोनदाच बोलून दाखवलं असेल, पण तिच्या लेकीनं, निपाणीच्या शाळेतल्या जयाबाईंनी, ते मनात धरून ठेवलं होतं. त्र्याऐंशी सालच्या उन्हाळी सुट्टीत त्यांनी कंबर कसली.

कोल्हापूरच्या एका यात्रा कंपनीची बस होती म्हणा. पण ती सतरा देवळं दाखवणार आणि समुद्राला अर्धा तास देणार. जयाबाईंच्या बौद्ध घरात त्या सतरा देवळांचं करायचं काय? मग त्यांनी सगळी सहल सुटी सुटी जमवायला घेतली. निपाणीहून मुंबईला एसटी, तिथं मावसबहिणीकडे आठवडा, मुंबईहून पणजीला बोट, पणजीत लॉजवर मुक्काम, आणि वास्कोहून लोंढ्यावरनं बेळगावला रेल्वे. महिनाभर पोस्टकार्डं जात होती, उत्तरं येत होती. बाईंनी वर्गाचं वेळापत्रकसुद्धा कधी इतकं मन लावून केलं नव्हतं.

आडवा आला तो भाऊ. भावकू त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठा, बेळगावच्या कोर्टात कारकून, राहायला खासबागेत. बेत ऐकला आणि त्यानं हातातला चहा खाली ठेवला.

"आईला घिऊन बोटीत? डोकं हाय का ठिकाणावर? कंपनीची बस आसती तर कुणाची तरी मान धरता आली आसती. तुझ्या ह्या तुकड्यातुकड्याच्या सहलीत काय झालं तर कुणाला धरू? ड्रायव्हरला, का खलाशाला?"

"अण्णा, काही होत नाही रे."

"मग विमा काढ. विमा नसंल तर आई घरातनं हलणार न्हाय. झालं."

तसं बघितलं तर आई राहायची जयाबाईंकडे. पण घरात भावकूचा शब्द मोडायची रीत नव्हती, आणि हे भावकूलाही पक्कं ठाऊक होतं. विम्याच्या नावानं बहीण गप्प बसेल, असा त्याचा हिशेब. बहीण मात्र दुसऱ्याच दिवशी आईचं रेशनकार्ड पिशवीत घालून बेळगावला गेली.

विम्याचा एजंट मायाप्पा अनगोळचा. शेतकऱ्याचा पोरगा, बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. त्यानं टेबलावर कागद पसरले.

"हे बघा बाई, परवासाचा विमा दोन तऱ्हेचा. एक सुटा सुटा. बोटीचा न्यारा, रेल्वेचा न्यारा, येष्टीचा न्यारा. दुसरा दिसावर. इतक्या तारखंपासनं इतक्या तारखंपर्यंत, कुठंबी असा. लोक काय करत्यात, बोटीचा तेवढा घेत्यात. भ्या काय ते पाण्याचंच की."

मोह जयाबाईंनाही झाला. भीती बोटीची, विमा बोटीचा, सरळ हिशेब. पण मग त्यांना आई डोळ्यांपुढे दिसली. गेल्या साली ती पडली होती ती एसटीतून उतरताना. त्याच्या आधी पडली ती दवाखान्याच्या पायरीवर.

"मायाप्पा, माझी आई गाडीत बसल्यावर कधी पडत नाही," त्या म्हणाल्या. "ती पडते उतरल्यावर. स्टँडवरून टांग्यापर्यंत, धक्क्यावरून लॉजपर्यंत. सुट्या विम्यात ही मधली वाट कुणाची?"

मायाप्पानं पसरलेल्यातला बोटीचा कागद बाजूला सारला. मग हसला. "कुणाचीच न्हाय, बाई. बारा वर्सं झाली ह्या धंद्यात, पर आसं कुणी इचारलं न्हाय. तुम्ही दिसावरलाच घ्या. चौदा दिस. घराच्या उंबऱ्यापासनं घराच्या उंबऱ्यापर्यंत."

जयाबाई खूश झाल्या, पण ते दोनच मिनिटं. मायाप्पानं रेशनकार्ड उघडलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"बाई, हितं वय चौऱ्याहत्तर हाय. सत्तरच्या वर आमची कंपनी घेत न्हाय."

"चौऱ्याहत्तर? आई चौऱ्याहत्तरची?"

जयाबाई हिशेबाच्या बाई. आईचं वय जन्मतारखेत नव्हतं, आठवणीत होतं. बाबासाहेब निपाणीला सभेला आले तेव्हा आपल्या पुढच्या दातांत खिंडार पडलं होतं, हे तिनं शंभर वेळा सांगितलेलं. सभा पंचवीस सालची. दुधाचे दात पडतात सहाव्या-सातव्या वर्षी. म्हणजे आई आता पासष्टीच्या आतबाहेर. मग कार्डावर ही दहा वर्षं आली कुठून?

कार्ड भरलं होतं एकोणसत्तर साली, आणि अक्षर भावकूचं होतं.

पुढच्या रविवारी त्या आईलाच घेऊन खासबागेत गेल्या. भावकूपुढे कार्ड ठेवलं आणि सरळ विचारलं. भावकूनं आधी चष्मा पुसला, मग बायकोला चहा सांगितला, मग पुन्हा चष्मा पुसला. कोर्टात रोज दुसऱ्यांच्या खोट्याचे कागद हाताळणारा माणूस, स्वतःचं निघालं तेव्हा पार घामाघूम झाला.

"मीच लिवलं," तो म्हणाला. "तवा आई तंबाकूच्या वखारीत हुती. रातभर खोकायची. काम सोड म्हणलं तर ऐकायची न्हाय. वखारीत साठ झाल्यावर बाया कमी करत हुते. म्हणून कार्डावर साठ घातलं, आणि मालकाला नीऊन दावलं."

तानीबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला हे आजच कळत होतं. चौदा वर्षं तिची समजूत अशी की मालकानं तिला उगाच काढलं.

"म्हंजे ते तू व्हय रं?" ती म्हणाली. "आन् मी त्या मालकाला इतक्या शिव्या घातल्या. त्याच्या सात पिढ्या काढल्या मी."

"आये, तू मेली आसतीस तितं."

"व्हय. मेलीच आसते." तिनं पदर खोचला. "पर दहा वर्सं म्हातारी क्येलास की मला. आता ती माघारी दे. मला समिंदर बघायचाय."

जयाबाईंना रडूही येत होतं आणि हसूही. भावाचा राग घेऊन त्या आल्या होत्या, तो कुठल्या कुठे गेला. अट घालणारा तोच, आणि अट पुरी होईल तर त्याच्याच सहीनं. भावकूलाही ते कळत होतं. गप्प राहिला असता तर आई घरीच राहिली असती, आणि त्याला बोल लावायला कुणी आलं नसतं.

सोमवारी त्यानं स्वतःच्या पैशानं स्टॅम्पपेपर आणला आणि आईचं वय आपण वाढवून लिहिल्याचं प्रतिज्ञापत्र केलं. बरोबरच्या कारकुनांनी आठवडाभर त्याची फिरकी घेतली. सरकारी डॉक्टरांनी तानीबाईचे दात बघितले, सांधे दाबले आणि वय अंदाजे पासष्ट असा दाखला दिला. मायाप्पानं पॉलिसी घरी आणून दिली तेव्हा जयाबाईंनी इतका मोठा श्वास सोडला की तानीबाई म्हणाली, "माझा खोकला तुला लागला काय गं?"

एसटी वेळेवर आली. मुंबईत आठवडा मजेत गेला. तानीबाईनं समुद्र बघितला, पहिल्या दिवशी एक शब्द बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून बोलायची थांबेना. सगळं घड्याळासारखं चाललं होतं, तेवढ्यात वारं उठलं आणि बोट एक दिवस उशिरा सुटली.

एक दिवसानं काय होतंय, असं कंपनीच्या बसवाल्याला म्हणता येतं. सुट्या सहलीत एक तुकडा हलला की पुढचे सगळे हलतात. पणजीच्या लॉजवाल्यानं खोली दुसऱ्याला दिली होती, मग एका गल्लीत एका म्हाताऱ्या बाईच्या माडीवर जागा मिळाली. वास्कोची गाडी निघून गेली होती, रिझर्व्हेशन बुडालं. दुसऱ्या दिवशीच्या गाडीला कशीबशी बसायला जागा मिळाली. गाडी हलल्यावर जयाबाईंनी पॉलिसी काढून तारीख बघितली. चौदा दिवस काल संपले होते. आज पंधरावा.

त्यांनी आईचा हात धरला, आणि तो सोडला नाही. लोंढ्याला गाडी बदलताना धरला, जिना चढताना धरला, संडासाच्या दारापर्यंत धरला. बाकड्यावर शेजारी बसूनसुद्धा धरला.

बेळगावला भावकू उभा होता. तो कालही येऊन रिकामा परतला होता, आणि रात्रभर त्याचा डोळा लागला नव्हता. "विमा?" एवढंच त्यानं बहिणीला हळूच विचारलं. तिनं नाही अशी मान हलवली. तसा तो धावत पुढं झाला आणि आईचा दुसरा हात त्यानं धरला.

तानीबाई दोघांच्या मध्ये प्लॅटफॉर्मवर उभी राहिली आणि तिनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"काय झालंय रं तुमाला? सकाळपास्नं ही हात सोडंना. आता तू."

"काही नाही गं," जयाबाई म्हणाल्या. आता निपाणीचीच बस तेवढी राहिली होती, आणि भाऊ बरोबर होता. त्यांना एकदम हलकं वाटलं आणि त्यांनी खरं ते सांगून टाकलं. "आई, तुझा विमा कालच संपलाय."

तानीबाईनं दोघांचेही हात आणखी घट्ट धरले.

"बरं झालं बया," ती म्हणाली. "चौदा दिस मी एकलीच चालत हुते."