मला जखमेत कोंबू नका

मी हळद बोलतेय, आणि आज गोड बोलणार नाही. आजवर तुम्ही माझं भरपूर कौतुक केलंत, मी ऐकून घेतलं. पण मध्यंतरी मथुराबाईंच्या बोटावर जे ओढवलं, त्यानंतर मला गप्प बसवत नाही.

माझा जन्म त्यांच्याच परसातला, रत्नागिरीजवळच्या किनाऱ्यावरच्या एका गावात. विहिरीच्या कडेला, कातळावर आणून टाकलेल्या मातीत त्यांनी मला लावलं. श्रावणात माझी रुंद पानं कापून त्यांत तांदळाच्या पिठाचे गोड पातोळे उकडले. पुढे पानं वाळली, तेव्हा मला खणून काढलं, धुतलं, शिजवलं, अंगणात कडकडीत वाळवलं आणि गिरणीत दळून आणलं. तेव्हापासून मी मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या शेजारी राहते.

माझं काम स्वयंपाकघरात. बांगड्याला मीठ, कोकमाचं आगळ आणि मी लागलो की त्याचा हिवसपणा, तो उग्र वास, जातो. डाळ शिजताना चिमूटभर पडले की वरण कसं देखणं दिसतं. फोडणीत मात्र मला शेवटी घाला. तेल धुरावलं की मी करपते आणि आमटी कडू होते. घसा खवखवला तर गरम दुधातून घ्या, किंचित मिरपूड घाला, बरं वाटतं. रोजच्या जेवणातून थोडी थोडी पोटात गेले तर चांगलंच. एवढं मला येतं, आणि त्यात मी सुखी होते.

तुमचं मात्र एवढ्यावर भागत नाही! रोज सकाळी मोबाइलवर कुणीतरी मला साखर उतरवायला, गुडघे बरे करायला, टकलावर केस उगवायला धाडतं. शेजारच्या यमुनाबाई ते मोठ्याने वाचून दाखवतात. "बाई, हे तुला जमेल का?" असं मला कुणी कधी विचारलंय?

त्या दिवशी मथुराबाई मागच्या दारी शिंगाळा साफ करत होत्या. या माशाच्या कल्ल्याजवळ राकट काटा असतो. तो बोटात घुसला, रक्त आलं. त्यांनी माशाने माखलेल्या हातानेच मला डब्यातून उचललं आणि जखमेत दाबून बसवलं.

त्यांची सून मृणाली धावत आली. "आई, आधी साबणाने धुवा तरी. आणि दवाखान्यात दाखवून येऊ. तुम्हाला साखर आहे."

"काय नाय होत गो. माझ्या सासूने कोयत्याच्या घावावर हळदच दाबली. जगली ना?"

परसाच्या दगडी गडग्यापलीकडून यमुनाबाई हसल्या. "मथुरे, तुझी सून म्हणजे! उद्या शिंक आली तर कोल्हापूरच्या मोठ्या इस्पितळात नेईल हो तुला!"

दोघी हसल्या. मृणाली बिचारी आत निघून गेली.

मग रोज माझा नवा थर. कालचा पुसायचाही नाही, त्यावरच आजचा. खाली बोट लाल झालं, पण माझ्या पिवळ्या रंगाखाली ते लाल कुणाला दिसणार? बोट ठणकत होतं. मथुराबाई म्हणायच्या, "हळद ओढतेय सगळं, म्हणून ठणकतंय." मी काय ओढणार, कपाळ! काट्याचं टोक आत मोडलं होतं. त्यासोबत गेलेली घाण आत साचत होती, आणि वरून तुम्ही मलाच झाकण केलं होतंत.

चमच्याने जेवणाऱ्यांची चेष्टा करणाऱ्या मथुराबाई एका दुपारी चमच्याने भात खाताना मृणालीला दिसल्या. तिने ताट बाजूला सारलं, हात धरला, पाण्याखाली नेला. माझा वरचा थर धुऊन गेला तेव्हा खालचं बोट वांग्यासारखं सुजलेलं होतं, आणि लाल रेघ मनगटापर्यंत चढली होती. या वेळी मृणालीने कुणाला विचारलं नाही. रिक्षा बोलावली आणि सासूला घेऊन थेट रत्नागिरी गाठली.

डॉक्टर संतापले. "आणखी थोडं थांबला असतात तर बोट कापावं लागलं असतं," म्हणाले. चीर द्यावी लागली. बोट वाचलं, पण त्याचं टोक अजून वाकत नाही. कदाचित कधीच वाकणार नाही.

याचा दोष कुणाचा? माझा? मी देव नाही, डॉक्टर नाही. जेवणातली एक चीज आहे मी!

मथुराबाई घरी आल्या तशा यमुनाबाई भेटायला आल्या. पट्टी पाहून हात जोडून म्हणाल्या, "हळद दाबली होतीस म्हणून बोट तरी राहिलं गो!"

हे ऐकून डब्यात माझा जीव जळला. पण उत्तर मथुराबाईंनीच दिलं.

"यमुने, डॉक्टरने आधी काय खरवडून काढलं, म्हायत हाय? ही हळद. मग पू. मग काटा. हळद नसती तर त्याचं काम आठवडाभर आधीच झालं असतं."

यमुनाबाईंनी हळूच पाय लुगड्याखाली ओढून घेतला. मथुराबाईंची नजर काही चुकली नाही.

"काय ते पिवळं अंगठ्याला?"

"काय नाय गो... कुंपणाची तार लागली जराशी."

"मृणाली, पाणी आण. साबण आण. आणि रिक्षावाल्याला फोन लाव."

"अगो, कोल्हापूरला नेतेस की काय मला?"

"नाय गो, रत्नागिरीलाच. चल, पाय पुढे कर."

कळकळीने सांगते, मला भाजीत घाला, माशाला लावा, लग्नात अंगाला चोळा. पण जखम धुवा आणि शहाण्या माणसाला दाखवा. माझ्याआड लपवू नका.

यमुनाबाईंच्या अंगठ्यावरून मृणालीने मला चोळून चोळून काढलं. साबणाच्या फेसात मिसळून मी मोरीतून वाहत गेले. वाया गेल्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.