हॉरेशियो जेवायला येईना

माझा भाऊ हॉरेशियो कोकर ऑगस्टमध्ये मेला. फ्रीटाउनमध्ये शहाणा माणूस ऑगस्टमध्ये लग्न करत नाही, छपराला हात लावत नाही आणि मरत तर मुळीच नाही. आभाळ फाटलेलं असतं, डोंगराची लाल माती रस्त्यांवरून समुद्राकडे धावत असते, आणि स्मशानात खणलेला खड्डा आहे की विहीर हे पाद्र्यालाही सांगता येत नाही. पण दुसऱ्याची सोय बघायची ह्याला सवयच नव्हती. खांदेकरी घसरले, पेटी कलली, आणि मी रडायचं सोडून "अरे धरा, धरा!" करत चिखलातून पळाले.

तो ऑगस्टमध्ये मेला, म्हणजे त्याचं वर्षाचं अवुजोही ऑगस्टमध्येच आलं. अवुजो म्हणजे मेलेल्यांचं जेवण. आम्ही क्रिओ मंडळी रविवारी टाय लावून चर्चमध्ये बसतो, आणि शनिवारी अंगणात खड्डा करून आज्या-पणज्यांना वाढतो. दोन्हींचं आपसात काही वाकडं नाही. खड्ड्यातलं अन्न गिधाडांनी खाल्लं की मयताला पोचलं. नाही खाल्लं, तर मयत रागावलंय असं समजायचं आणि वर्षभर घाबरत राहायचं.

ह्या अवुजोला हॉरेशियोची एकुलती एक लेक इयामिदे लंडनहून आली. विमानतळ खाडीपलीकडे, तेव्हा बोटीतून आली. धक्क्यावर उतरली ती ओकून ओकून हिरवी पडलेली, आणि छत्री उलटी झालेली.

"आत्या, इथे इतका पडायचा?"

"इथेच वाढलीस ना गं? का लंडनला पाऊस बघायला तिकीट लागतं म्हणून विसरलीस?"

ती हसली नाही. टॅक्सीत पाणी शिरलं तसे आम्ही पाय सीटवर घेतले. ड्रायव्हर गाडी थांबवायला लागला, तेव्हा ही मागून ओरडली, "थांबू नका! पहिल्या गिअरमध्ये ठेवा, पाय काढू नका, चला!" गाडी फुरफुरत पलीकडे निघाली.

"ताईंना गाडीतलं बरंच कळतं," ड्रायव्हर म्हणाला.

"ती डॉक्टर आहे," मी म्हणाले. "तू पुढे बघ."

डॉक्टर कसली, कप्पाळ! हॉरेशियोनं तिला डॉक्टर व्हायला पाठवलं होतं. हिनं ते अर्ध्यात सोडलं आणि लंडनची बस चालवायला लागली. तोवर त्यानं आमच्या सगळ्या काँगो टाउन वस्तीला "आमची सर्जन, आमची सर्जन" सांगून ठेवलेलं. खरं कळलं तेव्हा फोनवर गरजला, "माझ्या मातीलासुद्धा येऊ नकोस!" आणि पोरगी आली नाही. जन्मात एकदाच हिनं बापाचं ऐकलं, तेही नेमकं नको तेव्हा. लोकांना मात्र त्यानं शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही.

घर जवळ आलं तसं तिनं माझा हात धरला. "आत्या, बाबा माझ्या हातचं घेतील?"

"न घेऊन सांगतो कोणाला! आयतं वाढलेलं सोडणारा नव्हता तो," मी म्हणाले. पण आतून मलाही धाकधूक होतीच.

शनिवारी सकाळपासून बायका पडवीत पाहुण्यांसाठी अकारा, म्हणजे चवळीचे वडे, तळत होत्या. खड्ड्यात वाढायच्या चवळ्या, केळी, रताळी, मासे मात्र सगळं इयामिदेनं स्वतः रांधलं. त्याला मी कोणाला हात लावू दिला नाही. कुंपणाजवळ खड्डा केला. तिनं पहिलं वाढलं आणि पावसानं ते लगेच वर आणलं; चवळ्या अंगणभर पोहायला लागल्या. म्हणून मी चार काठ्या रोवून खड्ड्यावर ताडपत्री बांधली आणि तिला परत वाढायला लावलं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

मग क्रिस्पिनकाका कोलाची कडू बी फोडून पुढे झाले. ते घरातले सगळ्यात म्हातारे, म्हणून मयताशी बोलायचा मान त्यांचा. तिच्या चार फाका जमिनीवर टाकायच्या. दोन उताण्या, दोन पालथ्या पडल्या की मयत राजी.

"हॉरेशियो, तुझी लेक आलीय. जेवतोस ना?"

चारही पालथ्या.

"हात ओला होता माझा," काका म्हणाले आणि परत टाकल्या. परत चारही पालथ्या. तिसऱ्यांदा टाकल्या त्या पाण्यात पडल्या आणि तरंगत तरंगत गटारात गेल्या.

"आता हे काय उत्तर झालं?" मी विचारलं.

"उत्तर नाही. तो उठून गेला," काका म्हणाले.

इयामिदेचा चेहरा पडला. मला काकांचा असा राग आला म्हणता! जिभेला हाड नाही माणसाच्या.

उरली गिधाडं. एरवी ही मेली दारातून हलत नाहीत. मासळी साफ करायला बसा, मांडीवर येतील. आज चर्चच्या छपरावर ओळीनं पंख लोंबवून बसलेली, आमच्याकडे ढुंकून बघेनात. आणि आमच्या घरची रीत अशी, की मेलेले जेवल्याशिवाय जिवंतांना पान नाही. पडवीत ओले, भुकेले पाहुणे दाटीवाटीनं बसलेले, नाकाशी तळणीचा वास. रिकामं पोट आणि रिकामं तोंड, मग काय विचारता.

"सुंभ जळला तरी पीळ गेला नाही हॉरेशियोचा."

"लेक मातीला नव्हती ना आली. तेच असणार."

शेजारच्या सॉयरबाई तर इयामिदेसमोर पाय पसरून बसल्या. "डॉक्टरीणबाई, बसल्या बसल्या हा गुडघा बघा. तुमचे वडील म्हणायचे, माझी लेक आली की दाखवा." पोरगी बिचारी गुडघा दाबत बसली. दाबता दाबता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"इतकं वाईट आहे का गं?" सॉयरबाई घाबरल्या.

इयामिदे उठली. मी झग्याला धरून ओढलं तर हात झटकून सरळ पावसात गेली. खड्ड्याशी उभी राहिली आणि तिनं ताडपत्री काठ्यांसकट उपटून फेकून दिली.

"बाबा!" ती ओरडली. "तोंड लपवून बोलायचं नाही मला. मी डॉक्टर नाही. मी बस चालवते. मला आवडतं ते! तुम्ही येऊ नको म्हणालात, मी आले नाही, आणि त्या दिवशी मी दिवसभर बस चालवत रडत होते. आता आलेय. जेवायचं तर जेवा, नाहीतर उपाशी राहा!"

तळणीतला अकारा करपला तरी कोणी हलेना.

शेवटी क्रिस्पिनकाकांनी विचारलं, "कसली बस?"

"दुमजली."

"दोन्ही मजले तूच चालवतेस?"

सॉयरबाईंनी झटक्यात झगा गुडघ्यावर ओढला. "मग माझा पाय कशाला दाबलास गं, चावट कार्टे?"

"तुम्ही इतकी वर्षं तो माझ्यासाठी राखून ठेवलात, बाई. नाही कसं म्हणणार?" इयामिदे म्हणाली. कोणीतरी खुसकन हसलं, मग दुसरं, मग सगळी पडवीच हसायला लागली. मी हसत नव्हते. ती पोर चिखलात गुडघे टेकून खड्ड्याकडे बघत होती, आणि मला वाटलं, हॉरेशियो, आता जर तू आला नाहीस, तर मी मेल्यावर वर येऊन तुझं थोबाड फोडीन.

पाऊस जरा ओसरला. छपरावरच्या ओळीतलं एक गिधाड हललं. कुंपणावर आलं, तिथून धपकन खाली, आणि चिखलातून फेंगडं फेंगडं चालत थेट खड्ड्याशी. खड्डा आता उघडा होता. ताडपत्रीखालचं त्याला वरून दिसत नव्हतं, एवढं मलाही कळतं. आणि ती बांधली कोणी, तेही मला ठाऊक आहे. कौतुक करणारे सगळे आता आभाळाकडे बघत होते.

गिधाडानं खड्ड्यात मान घातली, वर काढली, आणि इयामिदेकडे बघितलं. खड्ड्यातलं सगळं पाण्याखाली गेलेलं. तिनं कोपरापर्यंत हात घालून माशाचा तुकडा शोधला आणि तळहातावर धरला. पक्षी एक पाऊल मागे गेला. नंतर पुढे आला.

"आत्या," ती न हलता म्हणाली, "हे बाबाच आहेत का गं?"

पक्षी आहे, भूक लागलीय, असं मी सांगणार होते. देवाशप्पथ, तेच तोंडावर होतं. तेवढ्यात त्यानं चोच तिच्या हातात घातली, आणि मी डोळे पुसायचे सोडून पडवीतून किंचाळले, "हळू खा रे, हॉरेशियो! पोरीचं बोट आहे ते!"