साडेबावीस अंश

“रामराव, सगळ्या दुनियेत साडेबाईस असते. तुम्ही उनतीस कहां से लाए?”

भय्यासाहेबांचा आवाज अख्ख्या शेडमध्ये घुमला. रिछाईच्या त्या पाइपच्या कारखान्यात मालक ओरडले की ग्राइंडरसुद्धा गप्प व्हायचे.

शहपुऱ्याच्या पंपहाउसवर पाठवलेला पाइप बसलाच नव्हता. पाइपच्या टोकाची फ्लँज, म्हणजे आठ भोकांची जाड चकती, पंपाच्या चकतीला जाऊन टेकली खरी, पण भोकासमोर भोक काही येईना; मध्यरेषेपासून साडेबावीस अंशांवर हवं ते पहिलं भोक एकोणतीस अंशांवर पडलं होतं. बोल्ट घालायचे कुठे, कपाळात?

“साहेब, स्क्रीनवर उनतीसच होतं. मले वाटलं, पंप वेगळा असेल,” रामराव म्हणाले. उभा जन्म त्यांचा फिटर म्हणून गेलेला.

“चला, दाखवा.”

ड्रॉइंगचे कागद आता बंद झाले होते. शेडच्या भिंतीवर मोठी स्क्रीन होती, ऑफिसात केलेलं सगळं तिथे दिसायचं. त्या स्क्रीनवर स्वच्छ साडेबावीस होते. रामराव पुढे गेले, मागे सरले, पुन्हा पुढे गेले. “काहून असं दिसलं मले?” ते स्वतःशीच म्हणाले.

ऑफिसात ड्रॉइंग करणारी यशश्री मागेच उभी होती, तिच्या तोंडचं पाणी पळालं. ते एकोणतीस तिचेच होते. सकाळी शहपुऱ्याहून फोन आल्याबरोबर तिने घाबरून फाइल उघडली आणि चुपचाप दुरुस्त केली. हे रामरावांवर शेकेल, असं तिच्या मनातही आलं नव्हतं. आता शेकलं, तरी जीभ काही उचलेना.

कॉम्प्युटरवर पाइपची जोडणी करायची तर प्रत्येक तुकड्याला बंधनं घालावी लागतात. तोंडाला तोंड, मध्याला मध्य, भोकाला भोक. यशश्रीने भोकाचं बंधन घातलं की सगळी जोडणी लाल व्हायची, म्हणजे आधीचं कुठलं तरी बंधन आडवं येत होतं. ते शोधायची रीत तिला पाठ होती. एकेक बंद करत जायचं. ज्याच्याबरोबर लाल जातं, तो चोर. पण त्या दिवशी बहिणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात जायचं होतं आणि वहिनी खाली ऑटो थांबवून उभी. मग काय! बाईसाहेबांनी भोकाचं बंधनच काढून टाकलं, माउसने चकती फिरवून नजरेने जुळवली आणि पर्स उचलली.

पुढे पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, पंप थोडा सरकवायला सांगितला. तिने सरकवला. सगळे तुकडे शहाण्यासारखे मागोमाग गेले, बंधन नसलेली चकती तेवढी फिरली. लाल खूण कुठे नव्हती, म्हणून यशश्रीने निरखून पाहिलं नाही.

भय्यासाहेबांनी रामरावांना फिटिंगवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. ते भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी उलट स्कूटर घरी ठेवली आणि ऑटोने यायला लागले. जेवणाच्या सुट्टीत भिंतीवरचं कॅलेंडर एकदा लांबून वाचायचे, एकदा जवळून.

“बेटा, तो आठ आहे का तीन?” एकदा त्यांनी तिलाच विचारलं.

“आठ, काका.”

“मलेही आठच दिसून राहिला. पण आता भरवसा नाही.”

यशश्रीला वाटलं, किती नीच आपण! डबा तसाच बंद करून ती भय्यासाहेबांच्या केबिनमध्ये शिरली आणि सगळं सांगून टाकलं.

भय्यासाहेबांनी पेन खाली ठेवलं. “अच्छा. आता छोड़ो हे. नवा पाइप बसला, बात खतम. पार्टीला मी कारीगराची चूक सांगितली आहे. ड्रॉइंगची म्हणालो तर ते सगळेच पाइप तपासायला काढतील. रामराव स्टोअरमध्ये आरामात आहेत.”

“आरामात नाहीत ते, भय्यासाहेब. त्यांना वाटतं, त्यांचे डोळे गेले.”

“यशश्री, आपली नोकरी कर.”

रविवारी ती गढ्याला रामरावांच्या घरी गेली. ते ओसरीत बसले होते. तिने चपलासुद्धा काढल्या नाहीत. “काका, तुम्ही एकोणतीसच वाचले होते. चूक माझी होती. फोन आल्यावर मी मागून बदललं.”

“म्हणजे डोळे…”

“चांगले आहेत, काका.”

“मी स्क्रीनपाशी पुढं-मागं करून राहिलो होतो, तेव्हा तू मागंच उभी होती न?”

“हो.”

एखादी शिवी हासडली असती त्यांनी, तर तिने ती आनंदाने घेतली असती. रामरावांनी आत तोंड करून बायकोला हाक मारली, “अंजनी, बाहेर ये जरा.” मग यशश्रीला म्हणाले, “त्या दिवसापासून ही मले एकट्यानं रस्ता ओलांडू देत नाही. पोरीच्या घरी फोन करून रडली. बस तू. हिच्यासमोर सांग. पहिल्यापासून.”

अंजनीबाई कणकेचे हात तसेच धरून दारात येऊन उभ्या राहिल्या.

“काकू,” यशश्रीने पुन्हा सुरुवात केली, “त्या दिवशी मला बाजारात जायची घाई होती…”

ती बोलत होती, आणि रामराव बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होते.