शेवंताच्या स्वप्नातला हत्ती

आमच्या घरात एक जुना कायदा आहे. चांगलं स्वप्न पडलं तर तोंडाला कुलूप लावायचं, कारण बोललं की ते फळत नाही. वाईट पडलं तर उठल्या उठल्या चारचौघांना सांगून टाकायचं, म्हणजे ते मोडतं. माझी बायको शेवंता हा कायदा माहेराहून घेऊन आली आणि तिला तो फार सोयीचा पडला, कारण तिला चांगली स्वप्नं पडतच नाहीत. दात पडला, विहिरीत पडली, कुणाच्या लग्नात जेवण कमी पडलं, सगळं अख्ख्या करावे गावाला तिचा चहा उकळायच्या आत कळतं.

म्हणून त्या सकाळी ती गप्प उठली तेव्हा मला वाटलं, दाढ दुखत असेल.

"काय गो, आज बातम्या नाय?"

"चाय घ्या," ती म्हणाली, आणि चुलीकडे तोंड करून बसली. चूल म्हणजे आता गॅसच, पण ती चूलच म्हणते.

त्या दिवसांत आमच्या घरात सगळ्यांचे कान एका फोनकडे लागले होते. आमची एकुलती एक पोरगी प्रिया, तिने नेरूळला बोटीवरच्या नोकरीचा कोर्स केला. मुलाखत झाली, मेडिकल झालं, फक्त कंपनीचं बोलावणं यायचं होतं. हत्ती गेला नि शेपूट राहिलं, तसली गत. बोलावणं आलं की ती मालाच्या जहाजावर चढणार आणि कित्येक महिने दिसणार नाही. मी खाडीत होडी घातली, माझ्या बापानेही घातली, पण आम्ही जेवायला घरी यायचो. शेवंताला ही नोकरी मुळीच मंजूर नव्हती. तोंडाने ती "जा, जा" म्हणायची आणि मग भांडी अशी आपटायची की शेजारची विमलबाई डोकावून जायची.

दुपारी विमलबाई आमच्या ओट्यावर कोलंबी सोलायला बसली. मी बाजूलाच जाळं सांधत होतो. शेवंताने अगदी सहज विचारल्यासारखं केलं.

"विमल, कोनाच्या सपनात हत्ती आला, त काय व्हतं गो?"

"कोनाच्या?"

"हाय एक बाय. मोऱ्याची. तू नाय वलखत."

"हत्ती म्हंजे लक्षुमी. पन आत येत व्हता का भायेर जात व्हता, ता इचार तिला. आत आला त बरा. भायेर गेला त घरची लक्षुमी गेली समज."

"इचारते," शेवंता म्हणाली आणि कोलंबीच्या टोपात मान घातली.

मोरा तिचं माहेर. तिथली प्रत्येक बाई मी ओळखतो आणि त्यांतली एकही आपल्या स्वप्नाची चौकशी दुसरीकडून करून घेणारी नाही. मी काय समजायचं ते समजलो. रात्री जेवताना म्हटलं, "मोऱ्याच्या बायचा हत्ती जेवला का?" तिने माझ्या ताटात भात जरा जोरातच वाढला.

विमलबाईच्या पोटात काय राहतंय? दुसऱ्या दिवशी गावभर मोऱ्याचा हत्ती फिरत होता. देवळातले काका म्हणाले, गणपती घरी बोलवा म्हणतोय. माझा पुतण्या हितेश बिल्डर आहे, तो गाडी थांबवून ओरडला, "काकी, त्या बायला बोल, एक हत्ती इकडं पन पाठव! माजा टॉवर अडकलाय!" प्रियाने मोबाइल काढला. "आये, इथे लिहिलंय, हत्ती म्हणजे प्रमोशन. त्याच्यावर कोणी बसलेलं का?"

"मना काय म्हाईत? सपान मोऱ्याच्या बायचा," शेवंता म्हणाली आणि वाळलेले कपडे काढायला म्हणून गच्चीवर गेली. ऊन डोक्यावर होतं, कपडे अजून ओले होते.

तेव्हा मला खात्रीच पटली. हत्ती आमच्या घरात शिरला असणार. लक्ष्मी घरातच राहणार, म्हणजे पोरगी घरात राहणार, म्हणून ही स्वप्न पदराखाली लपवून बसलीये. मला रागच आला. मी स्वप्नंबिप्नं मानत नाही. पण फोन काही येत नव्हता आणि पोरीचं तोंड दिवसेंदिवस उतरत चाललं होतं. मग मी शेवंताच्या मागेच लागलो. सांग गो, मला तरी सांग. बोलली की मोडेल, हा माझा डाव. गोड बोललो, चिडवलं, तिचा आवडता मासा, जिताडा, आणून दिला. तिने जिताडा खाल्ला आणि हत्ती काही सोडला नाही.

आणि एका सकाळी फोन आला. प्रिया घरभर नाचली. जहाज सिंगापूरला धरायचं होतं.

"मोऱ्याच्या बायचा हत्ती लंगडा निघाला," मी शेवंताला म्हटलं. तिने सुकट भाजून डब्यात भरली, मसाल्याच्या पिशव्या शिवल्या, मग बॅगेचं वजन जास्त झालं म्हणून ती प्रियाशी भांडली.

विमानतळावर पोरगी आत गेली. काचेपलीकडून हात हलवला, मग दिसेनाशी झाली. मी म्हटलं, चल घरी. शेवंता बाहेरच्या बाकावर बसून राहिली.

"विमान उडाला का, बघून या आदी."

मी विमानांच्या वेळा दाखवणाऱ्या पाटीसमोर उभा राहिलो, खूप वेळ. तिच्यावर उडालं म्हणून आलं तेव्हा येऊन सांगितलं.

"नक्की उडाला?"

"उडाला गो."

"मंग आता सांगते. हत्ती भायेर जात व्हता. आपल्या दारातून. पाठीवर प्रिया व्हती."

हत्ती बाहेर गेला म्हणजे स्वप्न वाईट, आणि वाईट स्वप्न सांगून मोडायचं असतं. एवढे दिवस ते मोडायला हिला विमलबाईच्या कानात एक वाक्य पुरलं असतं. पोरगी घरात राहिली असती, हे ती मनापासून मानत होती. आणि मी मूर्ख तिला जिताडा खाऊ घालत होतो.

"मंग बोलली का नाय तू?"

शेवंताने पदराने डोळे पुसले.

"हत्तीवर बसून हसत व्हती वो ती."