परिचयातली ओळ

“हे नाव ठेवता येणार नाही, मॅडम,” प्राचार्य शेखर सर म्हणाले आणि त्यांनी कागद जयमालापुढे सरकवला.

संगीत विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवी पुस्तिकेत सगळ्या शिक्षकांचे परिचय छापायचे होते. गायनाच्या लक्ष्मीकांत सरांनी पुण्यातल्या तीन गुरूंची नावं दिली होती. संगीतशास्त्र शिकवणाऱ्या जयमालाने एकच दिलं होतं : शालूबाई, वरवट बकाल.

“काऊन... का बरं, सर?”

“तमाशाच्या फडात पेटी वाजवणारी बाई. सहीसुद्धा करता येत नाही तिला. तिच्याकडे तुम्ही शास्त्र शिकलात, हे विद्यापीठाच्या समितीला कोण सांगणार? मी?”

“पण शिकली तर मी तिच्याचजवळ.”

ते खरंच होतं. फड मोडल्यावर शालूबाई वरवट बकालला येऊन राहिली आणि जयमालाच्या वडिलांच्या शेतात कापूस वेचू लागली. कामाला खाडा पडला की ती पेटी उघडायची. दहा वर्षांची जयमाला समोर बसायची. शालूबाई बिलावल वाजवायची, मग निषाद उतरवायची आणि म्हणायची, “एक सूर उतरला अन् घर बदललं. आता खमाजाच्या घरात आलो आपण.” मग गंधार उतरवून काफीत, धैवत उतरवून आसावरीत, ऋषभ उतरवून भैरवीत. ‘थाट’ हा शब्द जयमालाला पुढे परीक्षेच्या पुस्तकात भेटला. घरं आधीच पायाखालची होती. तीच घरं ती सोळा वर्षं खामगावात मुलांना दाखवत आली होती. कंत्राटावर.

शेखर सरांनी पेन काढलं. “बाबांचं नाव घालू. ‘शास्त्राचे धडे पंडित भगवानराव यांच्याकडे.’ बाबा आता नाहीत, विचारणार कोण? आणि यंदा तुम्हाला कायम करायचं माझ्या मनात आहे.”

भगवानराव म्हणजे शेखर सरांचे वडील, विद्यालयाचे संस्थापक. जयमालाने त्यांना एकदाच जवळून पाहिलं होतं, एका सत्कारात हाराचं तबक धरून उभी असताना.

शेचाळिसाव्या वर्षी दुसरीकडे कोण उभं करणार होतं तिला?

“घाला,” ती म्हणाली. आवाज जराही अडखळला नाही, याचीच तिला किळस आली.

पुस्तिका निघाली, टाळ्या झाल्या. त्यानंतर महिनाभर ती गावी गेली नाही. परिचय लिहून दिला त्याच दिवशी तिने हौसेने शालूबाईला फोन केला होता, “मावशी, तुमचं नाव छापून येऊन राह्यलं.” आता तेच तोंड घेऊन जायचं कसं?

शेवटी एका रविवारी जावंच लागलं. आईला फोटो दाखवायला पुस्तिका पिशवीत घेतली होती. वाटेत शालूबाई आपल्या घराच्या दारातच बसलेली होती.

“आली का वं? पुस्तक निंघालं म्हंते तुमच्या शाळेचं. आणलं?”

जयमालाला नाही म्हणता आलं नाही.

“वाच बरं, मायं काय लिवलं त्यात.”

जयमालाने पान उघडलं. भगवानरावांच्या नावावर बोट ठेवून तिने वाचलं, “संगीतशास्त्राचं सारं शिक्षण वरवट बकालच्या शालूबाई यांच्याकडे.”

“यांच्याकडे? असं मानानं लिवलं?”

“हो, मावशी.”

“अजून एकडाव वाच.”

जयमालाने पुन्हा वाचलं. “संगीतशास्त्राचं सारं शिक्षण वरवट बकालच्या गुरुवर्य शालूबाई यांच्याकडे.”

शालूबाईने मान वर केली. सत्तर वर्षं सुरावर राहिलेला तो कान होता. “गुरुवर्य हा शबूद मंघा नव्हता.”

“वाचायचा राह्यला होता, मावशी.”

शालूबाईने हात पुढे केला, पुस्तिका घेतली, पदराने पुसली. “हे राहू दे माह्याजवळ. सांजच्याले अंगणवाडीतली मास्तरीण निशिगंधा येते इकडे. तिच्याकून वाचून घेईन.”

“मावशी, ही एकच आहे माझ्याजवळ...”

“तुले दुसरी भेटंल वं. तू तं तिथलीच हायेस.”

पुस्तिका तिने पेटीवर ठेवली, त्यावर हात ठेवून गुडघ्यावर जोर देत उठली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.