रविवारचा फॉन्ड्यू आणि फेब्रुवारीचा मुक्काम

ल्योंच्या ट्रामडेपोतली चौदा माणसं दर फेब्रुवारीत स्कीला जातात, आणि उतरायचं कुठे हे नोव्हेंबरातल्या एका रविवारी भरदुपारी, आर्मेलच्या स्वयंपाकघरात, चीजच्या भांड्यावर ठरतं. पूर्वी एकदाच मतदान करून पाहिलं होतं. चौदा माणसांनी सोळा ठिकाणं सुचवली, दोन संसार मोडता मोडता राहिले, आणि सहा नंबरची ट्राम तीन दिवस रुळावरून सरळ चालेना, इतकं वातावरण तापलं. तेव्हापासून फॉन्ड्यू. चौघं निवडून द्यायचे. त्यांनी लांब काट्याला पावाचा तुकडा टोचून रटरटत्या चीजमध्ये बुडवायचा. ज्याचा तुकडा भांड्यात पडला, तो बाद. शेवटी उरेल त्याने खुर्चीवर उभं राहून ठिकाणाचं नाव पुकारायचं. एकदा पुकारलं की पोपनेही त्यावर बोलायचं नाही.

आर्मेल त्रेसष्ट वर्षांची. एकतीस वर्षं ट्राम हाकून निवृत्त झालेली. आजवर ती चार वेळा जिंकली होती आणि हरली तरी हसली होती. यंदा मात्र तिला जिंकणं भाग होतं.

सप्टेंबरात डॉक्टरांनी तिचा उजवा गुडघा दाबून पाहिला, दिवाणखान्यातलं जुनं कपाट ठोकून पाहावं तसा ठोकूनही पाहिला, आणि म्हणाले, "मादाम, बर्फावर चाला, बसा, लोळा. घसरायचं मात्र बंद." ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. आणि डेपोतल्या रेजिसने तर यंदा रॉश-ब्लांशचा ध्यास घेतला होता. दोन हजार मीटरवरचा काँक्रीटचा मनोरा. दार उघडलं की पायाखाली उतार. स्की करणाऱ्याला स्वर्गच. न करणाऱ्याला एक खिडकी, खिडकीबाहेर गाड्यांचा तळ आणि आत तेरा माणसांचे ओले मोजे. खाली दरीतलं ल व्हेर्ने मात्र खरं गाव होतं. बेकरी होती, गुरुवारचा बाजार होता, रस्त्यात थांबवून हवापाण्याचं बोलणारी माणसं होती. रॉश-ब्लांश निघालं तर बहीण आजारी आहे म्हणायचं आणि घरी राहायचं, हे तिने ठरवून टाकलं होतं. बहीण ठणठणीत होती, पण तिला आजारी पाडणं काही अवघड नव्हतं. अवघड पुढचंच होतं. पूर्वी दरवर्षी सोबत येणारा फिरमँ एकदाच कंबरेमुळे आला नव्हता. आता त्याला दरवर्षी सगळ्यांच्या सह्यांचं पोस्टकार्ड येतं. बोलावणं येत नाही.

बारा वाजता रेजिस आला तो मखमलीच्या डबीत स्वतःचा काटा घेऊन.

"हे काय आणलंस? व्हायोलिन?" जोसलिनने विचारलं. ती डेपोच्या तिकीटखिडकीवर बसायची आणि जन्मात कुणाला सुटे पैसे न देता परत पाठवलं नव्हतं, पण टोमणा मारल्याशिवायही नाही.

"माझ्या आजोबांचा आहे," रेजिस म्हणाला. "या काट्यावरून युद्धाच्या काळातसुद्धा पाव पडला नाही."

"युद्धाच्या काळात पाव होताच कुठे!"

चौथा बास्तियाँ. तिशीतला, नवा ड्रायव्हर, प्रथमच निवडून आलेला. बिचारा इतका हरखला होता की कोट काढायचाच विसरला.

आर्मेलने भांड्याला आतून लसूण चोळला, पांढरी वाइन ओतली, दोन जातींचं किसलेलं चीज मुठीमुठीने सोडलं. पाव तिने मुद्दाम परवाचा ठेवला होता. ताजा पाव चीजमध्ये विरघळतो, शिळा टिकून राहतो. ही चलाखी रेजिसलाही ठाऊक होती, म्हणून त्याने तुकडा दाबून पाहिला आणि मान डोलावली. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

काटे बुडाले. चीजची तार ताणली गेली, तोंडं भाजली, सगळे एकदम बोलायला लागले.

"रॉश-ब्लांशला मी एकदा राहिलेय," जोसलिन म्हणाली. "खोली केवढी? हा रेजिस वरच्या बंकवर कूस बदलायचा आणि खाली चुलीवरचं सूप ढवळलं जायचं."

"ढवळायला चमचा लागला नाही, हा फायदाच की!" रेजिस म्हणाला. "तुमच्या व्हेर्नेहून वर उतारांकडे नेणारी बस आठवते ना? सकाळी कोवळ्या बर्फाकडे म्हणून निघायची, पोचेपर्यंत बर्फाला मिशा फुटायच्या. ड्रायव्हर वाटेत चार ठिकाणी कॉफी प्यायचा."

"मग तू चालव बस," आर्मेल म्हणाली.

"मी सुट्टीवर असतो, बाई!"

या हास्यात जोसलिनचा हात हलला आणि तिचा तुकडा डुबकन बुडाला. "गेले!" ती ओरडली आणि तेवढ्याच आनंदाने चमच्याने तो काढून खाल्ला. बास्तियाँला तर कुणी पाडायची गरजच पडली नाही. "मला कुठलंही चालेल, मी फक्त..." असं म्हणताना त्याने काटा उचलून हवेत हातवारे केले, आणि पाव रेजिसच्या चष्म्यावर जाऊन चिकटला. भांड्याबाहेर पडला तर बाद की नाही, यावर सात मिनिटं वाद झाला. बाद ठरला.

उरले दोघं.

पंधरा फेऱ्या झाल्या, वीस झाल्या. आर्मेलचा हात एकतीस वर्षं ब्रेकच्या दांड्यावर मुरलेला. रेजिसचा आजोबांच्या काट्यावर. दोघांचे पाव जात होते तसे परत येत होते. शेजारची बाई मीठ मागायला म्हणून आली ती मीठ विसरून दारातच उभी राहिली. जोसलिन टेबल बडवत होती. चीज खाली खाली गेलं आणि भांड्याचा तळ दिसायला लागला.

आर्मेलने मनात हिशेब केला. आणखी चार फेऱ्या आणि पाव बुडवायला काही उरणार नव्हतं. बरोबरी झाली तर गेल्या वर्षीच्या विजेत्याचं चालायचं, आणि गेल्या वर्षी रेजिस जिंकला होता.

तिने भांड्यात डोकावून पाहिलं. तळाला खरवड धरली होती. सोनेरी, काठाला तपकिरी, कुरकुरीत. अशा खरवडीसाठी आजवर भावाभावांत अबोला झालेला आहे.

"अगं बाई, जोसलिन," ती अगदी सहज म्हणाली, "आज खरवड किती छान लागलीय बघ. एकसंध. अजून अर्ध्या मिनिटात करपेल. कुणी सोडवली असती तर..."

रेजिसच्या नाकपुड्या फुलल्या. काट्याला पाव होता. हे त्यालाही दिसत होतं. पण रेजिस खरवडीसमोर साठ वर्षांत कधी माणूस राहिलेला नाही. त्याने काट्याचं टोक कडेला घातलं, हलकेच खरवडलं, खरवड सुटली, आणि तिच्याबरोबर पावही सुटला.

घरात असा आरडाओरडा झाला की वरच्या मजल्यावरचा कुत्रा पायऱ्या उतरून विचारपूस करायला आला.

"हरामखोर बाई!" रेजिस खरवड चघळत म्हणाला. "मुद्दाम केलंस!"

"खुर्ची! खुर्ची!" जोसलिन ओरडली. बास्तियाँने खुर्ची ओढली.

आर्मेल खुर्चीपाशी गेली, पाठ धरली, डावा पाय वर ठेवला. उजवा येईना. तिने हसून पुन्हा प्रयत्न केला. गुडघा म्हणजे गुडघा, त्याला पुकारा कळत नाही.

"चढ ना, आता नखरे कसले?" रेजिस म्हणाला.

"या खुर्चीला ना... वाळवी आहे," ती म्हणाली. मग पाय खाली घेतला. आजवर तिने हजार थापा मारल्या होत्या, पण इतकी पडेल एकही नव्हती. "वाळवी नाही. गुडघा. डॉक्टर म्हणाले, स्की संपलं. तुमच्या मनोऱ्यात आठवडाभर मोजे राखत बसले असते, म्हणून हा सगळा खटाटोप."

जोसलिनने भांड्याखालची ज्योत विझवली.

"अगं, मग आधी सांगायचंस," रेजिस म्हणाला. "मी तसाच सोडला असता हट्ट."

"म्हणूनच नाही सांगितलं. मला सोडलेलं नको होतं. जिंकलेलं हवं होतं."

रेजिसने मिशीवरचं चीज पुसलं. "जिंकलीस की. लबाडीने, पण जिंकलीस. मग बस खाली."

ती खुर्चीवर बसली. रेजिसने खुर्चीचा एक पाय धरला, बास्तियाँने दुसरा, जोसलिनने आणि शेजारच्या बाईने मागचे दोन, आणि खुर्चीसकट आर्मेल छताकडे निघाली. डोकं दिव्याला थडकलं, दिवा झुलायला लागला.

"ल व्हेर्नेऽऽ!" ती ओरडली. तो आवाज म्हणे नदीपलीकडच्या थांब्यावर ऐकू गेला आणि दोन प्रवासी चुकून तिथेच उतरले.

खाली यायच्या आतच तिने फोन लावला. शाळांच्या सुट्ट्यांत घरं धडाधड जातात. व्हेर्नेच्या घरमालकीण मादाम तिसोंनी उचलला.

"दुसरा आठवडा? रिकामा आहे. स्कीच्या जोड्या किती, मादाम? खाली फळी ठोकून ठेवते."

खुर्ची हवेतच होती. खालचे चौघं धापा टाकत कान देऊन ऐकत होते.

"जोड्या तेरा," आर्मेल म्हणाली. "बिछाने चौदा."

"म्हणजे एक जण दिवसभर घरी? पत्ते येतात का त्यांना? आम्ही तिघीच आहोत, चौथी मिळत नाही."

"येतात का म्हणजे?" आर्मेलने खुर्चीवर पाठ ताठ केली. "अहो, डेपोत मी पत्त्यांत एकदा अख्खी ट्राम जिंकले होते. ठेवायला जागा नव्हती म्हणून परत केली."