शिळेची कंबर

पलदन आबांच्या गोळ्या उरल्या होत्या सहा. छातीत साठणारं पाणी उतरवायची गोळी, रोज एक. त्यांच्या मुलाने, अंगरूपने, केलाँगहून दोन महिन्यांच्या गोळ्या आणल्या होत्या खऱ्या, पण त्या घेऊन तो नऊ दिवस नाल्यापलीकडच्या गावात अडकून पडला होता. अलीकडे त्याची बायको छिमे, तिचे सासरे म्हणजे आबा आणि बर्फ. दार उघडलं तरी समोर पांढरी भिंतच. छिमेला आताशा स्वतःच्या घराचाच राग यायला लागला होता.

नाला कधी ओलांडायचा याचा नियम लाहौलच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही पाठ. वरच्या उतारावर एक उभी शिळा आहे. तिची कंबर बर्फात बुडाली की नाला बंद, कारण मग वरून बर्फाचा लोट येतो. कंबर उघडी पडली की वाट मोकळी. शिळा दिसते ती फक्त अलीकडच्या छपरांवरून. म्हणून पलीकडचा माणूस फोन करून विचारतो आणि अलीकडचा बघून सांगतो. या सांगण्यात आजवर कुणी थट्टासुद्धा केली नव्हती.

दहाव्या दिवशी पश्चिमेकडून उबदार वारा सुटला आणि भर जानेवारीत पाऊस आला. रात्रभर कोसळला. सकाळी शेजारचा लोबझंग छपरावरून ओरडला, "छिमे, बाहेर ये! शिळेची कंबर उघडी पडली! बोलाव नवऱ्याला, नाहीतर तिकडेच दुसरा संसार थाटेल!"

"थाटू दे की! तिला म्हणावं, घोरणं ऐकायची तयारी ठेव," छिमे म्हणाली आणि दहा दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणी हसली. बर्फ चांगला हातभर खाली बसला होता. त्याच आनंदात छप्पर साफ करायला तिने फावडं घातलं. ते उचलेना. कालपर्यंत हाच बर्फ ती कोंड्यासारखा उडवत होती.

नळ गोठल्यापासून घरात बर्फ वितळवूनच पाणी. तिने नेहमीचं पातेलं भरून शेगडीवर ठेवलं. रोज भरल्या पातेल्याचं तळाशी चार बोटं पाणी व्हायचं. आज अर्ध्याच्या वर झालं. ती पातेल्याकडे बघतच राहिली, मग दाराशी धावली.

"आचो, बर्फ कमी नाही झालेला," तिने लोबझंगला थोरल्या भावाची हाक मारून सांगितलं. "नुसता दबलाय. वर पावसाचं पाणीही पिऊन बसलाय. उतारावर कालच्यापेक्षा जास्त ओझं आहे."

"म्हणजे शिळा खोटी आणि तुझं पातेलं खरं? आमच्या आजोबांना काय अक्कल नव्हती?"

"आजोबांच्या जानेवारीत पाऊस पडत नव्हता!"

तेवढ्यात फोन वाजला. "छिमे, शिळा काय म्हणते?" अंगरूप विचारत होता. "लोबझंगने फोनवर सांगितलं, कंबर उघडी पडली. तू बघितलीस का? दिसत असेल तर दुपारी निघतो."

ये म्हणावं तर नवरा त्या ओझ्याखालून येणार. नको म्हणावं तर आबांच्या पाचच गोळ्या. आबा भिंतीला टेकून सगळं ऐकत होते. त्यांनी हात पुढे केला. फोन नव्हे, आधी पातेलं मागितलं. आतलं पाणी नीट पाहिलं, सुजलेल्या बोटांनी मोजलं. मग फोन घेतला.

"अंगरूप, मी बोलतोय. शिळा दिसत नाही रे. पार बुडालीय."

"पण लोबझंग तर म्हणाला..."

"त्याला स्वतःची बायको दिसत नाही, शिळा काय दिसणार! मी सांगतोय ना? बस तिथेच."

लोबझंगने ते दारातून ऐकलं. "आबा, शिळेबद्दल खोटं?" एवढंच म्हणून तो निघून गेला. दुपारभर गावातलं कुणी त्यांच्या दाराशी फिरकलं नाही. छिमे दर थोड्या वेळाने छपरावर चढे. शिळा उघडीच होती. आपण चुकलो असू तर? आबांचा जीव एका पातेल्यावर पणाला लावला, या विचाराने तिला अन्न जाईना.

दिवस कलायच्या आधी उतार सुटला. धुरळा नाही, फडफड नाही; ओला, जड बर्फ खडखडत आला, नाल्यातले भुर्जवृक्ष आणि लाकडी पूल घेऊन गेला. गाव छपरांवर आलं. अंगरूप तेव्हा नाल्यात असता की घरी चहा पीत बसला असता, हे कुणीच बोलून दाखवलं नाही.

फोनवर अंगरूप रडत होता. "आबा, पूल गेला. आता चैत्र उजाडेल. तुमच्या गोळ्या..."

"गोळ्यांचं मी बघतो. तू आहेस ना? मग रडतोस कशाला?" आबांनी फोन ठेवला आणि छिमेकडे वळले. "सूनबाई, आजपासून अर्धीच दे."

छिमेने सुरी घेतली. गोळी एवढीशी होती. अर्धी नेमकी अर्धीच पडावी म्हणून ती किती तरी वेळ सुरी टेकवून नुसती बसून राहिली.